माथ्यावरून वाहणाऱ्या नद्या

बुधवारी सकाळी साडेनऊला संपादकबाईंचा फोन आला, तेव्हा ती एका बेटाचं नाव दोन मिलिमीटर डावीकडे सरकवत होती.

“नकाशा पाहिला,” संपादकबाई म्हणाल्या. “रंग सुरेख आहेत. एकच विचारायचं होतं.”

“विचारा ना.”

“सगळ्या नद्या डोंगरांच्या माथ्यावरून का वाहतायत?”

तिला आधी वाटलं, बाई थट्टा करतायत. पण थट्टेबद्दल संपादकबाईंची ख्याती नव्हती. प्रकाशनगृहात सगळे त्यांना ‘फूटपट्टी’ म्हणत आणि ते त्यांनाही माहीत होतं.

“माथ्यावरून नाही, दरीतून वाहतायत,” ती म्हणाली.

“मी इथे तिघांना दाखवला. मुखपृष्ठ करणारा, मुद्रितशोधक आणि झाडायला येते ती बाई. तिघांनीही न विचारता तेच सांगितलं. मला भूगोलातलं फारसं कळत नाही, पण पाणी वरून खाली येतं एवढं कळतं. वाचकांनाही कळतं. शुक्रवारी बारा वाजता पुस्तक छपाईला जातं. तोवर नद्या खाली उतरवा, नाहीतर पुस्तक नकाशाशिवाय निघेल. आणि मग पुढच्या चार भागांसाठी मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल. आत्ताच सांगून ठेवते, नंतर वाईट वाटायला नको.”

वाईट वाटायचं ते लगेचच वाटलं.

अकरा वर्षं ती एका बांधकाम कार्यालयात नकाशे काढत होती. सांडपाण्याच्या नळांचे, जिन्यांचे, गाड्या लावायच्या जागांचे. त्यातल्या एकाही कागदावर तिचं नाव नव्हतं, कोपऱ्यातल्या चौकटीत नुसती आद्याक्षरं. ही सात भागांची कादंबरी म्हणजे कुठेच नसलेल्या एका देशाची गोष्ट होती. पहिल्या दोन भागांचे नकाशे एका म्हाताऱ्या चित्रकाराने हाताने काढले होते. त्याचा हात कापायला लागला, म्हणून तिसऱ्या भागाचं काम तिच्याकडे आलं. तिसऱ्या पानावर ‘नकाशा’ या शब्दापुढे तिचं पूर्ण नाव छापलं जाणार होतं. त्यासाठी तिने महिन्याची रजा काढली होती. रजा रविवारी संपत होती.

फोन ठेवून ती स्वयंपाकघराच्या टेबलाशी आली. तिथे नकाशाचा मोठा कागद पसरलेला होता आणि पलीकडच्या खुर्चीवर तिचे वडील चहा पीत होते.

बाबांनी छत्तीस वर्षं कालव्यांच्या कामावर लेव्हल घेण्यात घालवली होती. तिपाईवरच्या दुर्बिणीतून बघायचं, समोरच्या माणसाने धरलेल्या पट्टीवरचा आकडा वाचायचा, वहीत लिहायचा. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी दाराचा उंबरा कुठल्या बाजूला अर्ध्या बोटाने खचलाय, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

“काय झालं, ठमे?”

“नद्या डोंगरावरून वाहतायत म्हणे.”

बाबांनी कप बशीत ठेवला, मान पुढे काढली आणि कागद बराच वेळ पाहिला. “कोण म्हणतं? नीट आहेत की. ही बघ दरी, ही बघ नदी. व्यवस्थित तळातून चाललीय.”

“तुम्ही माझे बाबा आहात.”

“त्याचा इथे काय संबंध?”

“चहा घ्या,” ती म्हणाली आणि आतल्या खोलीत संगणकापुढे जाऊन बसली.

तिने रडारड केली नाही. नळ गळत असेल तर आधी मुख्य नळ बंद करायचा आणि एकेक सांधा तपासत जायचं, ही तिच्या कामाची पद्धत होती. त्या देशाचा खरा पाया म्हणजे एक करडं चित्र होतं. त्यात प्रत्येक ठिपका जितका पांढरा तितकी ती जमीन उंच. त्या उंचीवरून पाणी कुठून कुठे जाईल हे यंत्र काढायचं, आणि त्याच उंचीवरून डोंगरांच्या उजेड-सावल्याही. बाई म्हणतात नद्या चुकल्या, तर पाण्यापासून सुरुवात.

दुपारपर्यंत तिला एक दोष सापडलाही. करड्या चित्रात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत फक्त दोनशे छप्पन्न पायऱ्या होत्या. एवढा मोठा देश, त्यात हिमशिखरं, आणि उंचीच्या पायऱ्या जेमतेम अडीचशे. म्हणजे सगळे उतार जिन्यासारखे झालेले. प्रत्येक पायरीवर पाणी अडत होतं आणि वाट फुटेल तिकडे घुसत होतं. तिने मूळ आराखड्यावरून उंची पुन्हा मोजवली, यावेळी पासष्ट हजार पायऱ्यांत. नद्या पुन्हा वाहवल्या. त्यांची वळणं जरा मऊ झाली. चार वाजता तिने नवं चित्र पाठवलं.

साडेचारला उत्तर आलं: “फरक दिसला नाही. माथ्यावरच आहेत.”

गुरुवारी सकाळी तिने खड्डे बुजवले. जमिनीत कुठेतरी बारीक खळगे राहून जातात, पाणी त्यात शिरतं आणि बाहेर पडत नाही. यंत्राला सांगून ते खळगे भरता येतात. तिने भरले, तर भरलेली जागा टेबलासारखी सपाट झाली आणि तिथून नद्या पट्टी लावून आखल्यासारख्या सरळ धावल्या. बेचाळीस नद्यांपैकी सतरा सरळ. मग त्या सपाटीला तिने किंचित उतार दिला आणि नद्या पुन्हा वाकवल्या. एकेका नदीवर बोट ठेवून उगमापासून मुखापर्यंत उंचीचे आकडे वाचले. प्रत्येक आकडा मागच्यापेक्षा कमी होता. नद्या उतरत होत्या. आकडे खोटं बोलत नव्हते, आणि बाईही खोटं बोलत नव्हत्या.

खालच्या मजल्यावर झेरॉक्सचं दुकान होतं. तिथली झेरॉक्सवाली मोठ्या कागदावर छापून द्यायची आणि छापता छापता प्रत्येक कागदावर मत द्यायची. लग्नपत्रिका असो, भाडेकरार असो, मत ठरलेलं. आजचा कागद यंत्रातून बाहेर आला तसा तिने तो दोन्ही हातांनी धरला.

“छान झालंय. हे निळे रस्ते उंच बांधलेत ते पुराचं पाणी येऊ नये म्हणून का?”

“नद्या आहेत त्या.”

“अच्छा.” झेरॉक्सवालीने कागद गुंडाळला. “मग पूर यायचा प्रश्नच नाही.”

जिना चढताना ते वाक्य तिला बुटातल्या खड्यासारखं टोचत राहिलं. वर येऊन तिने शेवटचं हत्यार काढलं. नद्या दरीत आहेत हे कुणाला दिसत नसेल, तर दऱ्या अशा खोल करायच्या की आंधळ्यालाही दिसाव्यात. प्रत्येक नदीच्या वाटेवर तिने जमीन कोरली. आधी थोडी, मग दुप्पट. सावल्या गडद झाल्या. एक वाजता चित्र पाठवलं, आणि यावेळी बाईंनी लिहिलं नाही, फोनच केला.

“आधीचं बरं होतं म्हणायची वेळ आली आहे,” त्या म्हणाल्या. “आता प्रत्येक नदीखाली भिंत बांधल्यासारखी दिसते. तुम्ही नेमकं काय करताय?”

“दऱ्या खोल करतेय.”

“इथे तर त्या उंच होतायत. हे बघा, तुमच्या कष्टांबद्दल मला शंका नाही. पण उद्या बारा म्हणजे बारा.”

ती स्वयंपाकघरात आली. दोन्ही दिवसांचे कागद टेबलावर एकावर एक पडले होते. बाबा आपल्या नेहमीच्या खुर्चीत, टेबलाच्या पलीकडे, सगळ्यात वरच्या कागदावर वाकले होते.

“हे मात्र जास्त झालं हं, ठमे,” ते म्हणाले. “कालचं नीट होतं. आज तू दऱ्यांची विहीर करून टाकलीस. इतक्या खोल दरीत नदीला ऊन कधी मिळायचं?”

ती चहासाठी भांड्यात पाणी ओतत होती. ओतता ओतता थांबली.

बाबांनी आयुष्यात कुणाचीही लेव्हल उगाच बरोबर म्हटली नव्हती. धाकट्या आत्याने घर बांधलं तेव्हा वास्तूच्या दिवशी सगळ्या पाहुण्यांसमोर त्यांनी न्हाणीघराच्या फरशीवर गोटी सोडून दाखवली होती, आणि ती मोरीकडे न जाता दाराकडे गेली होती. आत्या दोन वर्षं बोलत नव्हती. असा माणूस पोटची मुलगी आहे म्हणून नदीच्या उताराबद्दल गोड बोलेल? काल ते म्हणाले होते, नीट आहेत. तिने ते ऐकलंच नव्हतं.

“बाबा, तुम्हाला ही दरी दिसतेय? खोल?”

“आता एवढी कोरल्यावर न दिसायला काय झालं?”

“बोट ठेवा तिच्यावर.”

बाबांनी बोट ठेवलं. नदीवर, अगदी तळात.

भांडं तसंच ओट्यावर ठेवून ती टेबलाला वळसा घालून त्यांच्या खुर्चीमागे गेली आणि त्यांच्या खांद्यावरून कागदाकडे पाहिलं. नावं सगळी उलटी. डोंगर मात्र उभे होते, टणक, ठसठशीत, आणि त्यांच्यामधून नद्या खोल तळाशी वाहत होत्या. ती पुन्हा आपल्या बाजूला गेली. डोळे बारीक करून, हा कागद आपण आयुष्यात पहिल्यांदाच पाहतोय असं स्वतःला बजावत तिने पाहिलं. काही क्षण जुनेच डोंगर दिसले. मग कूस बदलावी तसे ते सगळे एकदम आत बसले. डोंगरांचे खड्डे झाले आणि खड्ड्यांच्या मधल्या धारांवरून बेचाळीस नद्या चालल्या होत्या.

“नद्या नाहीत चुकल्या,” ती म्हणाली. “उजेड चुकलाय.”

नकाशात उजेड वरच्या डाव्या कोपऱ्यातून येतो असं धरायची रीत आहे. सूर्य तिथे असतो म्हणून नव्हे. दिवा असो की आभाळ, उजेड वरून येणार हे माणसाच्या डोळ्याला लहानपणापासून ठाऊक असतं. तो खालून आला तर डोळा आपली समजूत बदलत नाही, डोंगर बदलतो. उंचवट्याचा खड्डा करून मोकळा होतो. हे तिला माहीत होतं, आणि महिन्याच्या सुरुवातीला तिने उजेड नीट वरून डावीकडूनच टाकला होता. पण दहा दिवसांपूर्वी लेखकाचा निरोप आला होता की तिसऱ्या भागातले लोक दक्षिण वर धरतात, तर नकाशाही तसा हवा. तोवर तिने रंग आणि सावल्या एकत्र करून एकच चित्र केलं होतं. ते चित्र तिने अर्ध्या फेऱ्याने फिरवलं आणि पुढचे तीन दिवस सगळी नावं नव्याने सुलटी बसवली. डोंगरांबरोबर उजेडही फिरला होता. तो आता खालून उजवीकडून येत होता. या दोन दिवसांतलं प्रत्येक नवं चित्रही तिने आधीसारखंच जुळवून मग फिरवलं होतं. तिला प्रत्येक डोंगर पाठ होता, म्हणून तिला तो डोंगरच दिसत राहिला.

आणि कोरून कोरून दऱ्या जितक्या खोल केल्या, तितक्या बाईंच्या डोळ्यांना भिंती उंच दिसल्या.

“दोन दिवस मी दुखणं डोक्याला आणि लेप गुडघ्याला लावतेय,” ती म्हणाली.

“मी कालच म्हटलं होतं.”

“म्हटलं होतंत. पण मी उलट बाजूला बसलोय, हे नाही म्हटलंत.”

“मी नऊ वर्षं याच बाजूला बसतोय. ते काय सांगायचं?”

दुपारचे सव्वादोन वाजले होते. बुधवारच्या बारीक पायऱ्यांची उंची चांगली होती, ती ठेवायची. गुरुवारचं सगळं कोरकाम टाकून द्यायचं. बाबांच्या लेव्हलच्या वहीत चुकलेला आकडा कधी खोडलेला नसायचा. त्यावर एक रेघ असायची, खालचा आकडा वाचता येईल अशी, आणि शेजारी नवा. ती सवय तिने फाइलींना लावली होती. प्रत्येक टप्प्याची प्रत तारीख आणि वेळ घालून वेगळी ठेवलेली. बुधवारची पावणेचारची प्रत तिने उघडली, फिरवलेल्या जमिनीवर उजेड पुन्हा वरून डावीकडून टाकला आणि सावल्या नव्याने काढायला यंत्र लावलं. आतापर्यंतच्या कच्च्या चित्रांना काही मिनिटं पुरली होती; छपाईच्या पूर्ण तपशिलासाठी यंत्राने सांगितलं, साडेतीन तास.

पावणेसहाला चित्र उमटलं. डोंगर डोंगरासारखे उभे होते. आणि त्या खऱ्या उजेडात एक गोष्ट दिसली, जी आतापर्यंत सगळ्या गोंधळात लपून गेली होती. बेचाळीस नद्या दऱ्यांतून वाहत होत्या. त्रेचाळिसावी, मुकी नदी, एका अख्ख्या डोंगररांगेवर चढून पलीकडे उतरत होती.

मुकी तिच्या तपासणीत नव्हतीच. बाकीच्या नद्या यंत्राने उतारावरून काढल्या होत्या. मुकी मात्र लेखकाने दिलेल्या कच्च्या चित्राबरहुकूम तिने हाताने रेखली होती. लेखकाची नदी, लेखक जाणे, म्हणून सोडून दिली होती. सोडून दिलेलं काम बरोबर शेवटच्या दिवशी दारात येऊन उभं राहतं.

तिने लेखकाला फोन लावला. पन्नाशीचा, बोलका माणूस, सगळ्यांना ताई-दादा म्हणणारा.

“ताई, मुकीला हात लावायचा नाही हं,” ऐकून घ्यायच्या आधीच तो म्हणाला. “आमची नायिका किल्ल्यावरून उडी मारते ती मुकीत, आणि वाहत वाहत निघते ती बंदरात. पाच प्रकरणं त्यावर उभी आहेत.”

“मधे डोंगररांग आहे.”

“असू दे की.”

“तुमची नायिका पोहत डोंगर चढते.”

“ती धाडसी आहे.”

“ती असेल. पाणी नाही.”

मग तो जरा खालच्या आवाजात म्हणाला, “कुणाच्या लक्षात येईल का?”

“प्रकाशनगृहात झाडायला येणाऱ्या बाईंच्यासुद्धा आलं. दुसऱ्या नद्यांबद्दल आलं, पण आलं.”

“मग रांग हलवा.”

“रांगेवर तीन गावं, दोन किल्ले आणि तुमच्या दुसऱ्या भागातली लढाई आहे. मी सांगते ते ऐका, मग नाही म्हणा. नदी हलवायची नाही. रांगही हलवायची नाही. नदीने रांग कापायची.”

हे तिचं नव्हतं. फोन लावायच्या आधी तिने बाबांना विचारलं होतं, आणि बाबांनी पेन्सिल घेऊन कागदाच्या मागच्या बाजूला दोन रेघांत दाखवलं होतं. नदी आधीची, डोंगर नंतरचा. जमीन हळूहळू वर येत गेली आणि नदी आपली वाट न सोडता तेवढ्याच सावकाश ती कापत राहिली. अशा एका घळीतून त्यांनी कालव्याची लेव्हल घेतली होती. दोन्ही बाजूंना कडे, मधे जेमतेम नदीपुरती जागा.

“घळ,” लेखक म्हणाला. “दोन्ही बाजूंना उभे कडे?”

“उभे. वर बघितलं तर आभाळाची चिंधी दिसेल एवढीच.”

“ताई, मला तिथे एक प्रसंग सुचतोय.”

“उद्या बारा वाजता पुस्तक छपाईला जातंय.”

“चौथ्या भागात घेतो. घळ करा. आणि नाव द्या तिला काहीतरी.”

“नाव तुम्ही द्या. दहा मिनिटांत.”

सात मिनिटांत निरोप आला: मुकीची घळ.

रात्री ती वेळेवर झोपली. शुक्रवारी सहाला उठून तिने घळ कोरली. यावेळी बेताने, बाबांच्या दोन रेघा शेजारी ठेवून. किल्ल्यापाशी नदीची उंची किती, बंदरापाशी किती, आणि मधे प्रत्येक टप्प्यावर किती, हे सगळं तिने कागदावर लिहून काढलं. घळीच्या तोंडापाशी एक आकडा मागच्यापेक्षा दोनाने जास्त आला. तिने त्यावर एक रेघ मारली, जमीन दोनाने उतरवली आणि शेजारी नवा आकडा लिहिला. साडेदहाला सावल्या पुन्हा निघाल्या. घळीचं नाव एका गावावर चढत होतं, ते सरकवण्यात वीस मिनिटं गेली.

अकराला ती जिना उतरून खाली गेली. स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायची तिची आता तयारी नव्हती.

“काही सांगणार नाही,” ती झेरॉक्सवालीला म्हणाली. “फक्त डोंगरावर बोट ठेवा.”

“परीक्षा आहे का?”

“माझी आहे.”

झेरॉक्सवालीने ताजा कागद काउंटरवर पसरला, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि बोट ठेवलं. डोंगरावर, शिखरापाशी. “हा. आणि हा. आणि हे मधे पाणी.” मग तिचं बोट घळीपाशी थांबलं. “इथे मात्र नदीची फार चेपाचेप झालीय.”

“ती मुद्दाम केलीय.”

“असं होय. मग बरी आहे.”

अकरा वाजून दहा मिनिटांनी तिने फाइल पाठवली. सोबत चार ओळी लिहिल्या: चूक नद्यांची नव्हती, उजेडाची होती. नकाशा फिरवला तेव्हा सावल्याही फिरल्या, हे माझ्या लक्षात आलं नाही. चूक माझी. मुकी नदी वेगळी चुकली होती, तीही सुधारली आहे, लेखकांची संमती घेतली आहे.

मग टेबलाशी बसून तिने कालच्या कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. बाबा पेपर वाचत होते किंवा वाचल्यासारखं करत होते. पान पंचवीस मिनिटं उलटलं नव्हतं.

अकरा बावन्नला फोन वाजला.

“झाडायला येणाऱ्या बाई आज आल्या नाहीत,” संपादकबाई म्हणाल्या. “म्हणून शिपायाला आणि टपाल घेऊन आलेल्या माणसाला दाखवला. दोघांनी डोंगराला डोंगर म्हटलं. फाइल छपाईला गेली. तिसऱ्या पानावर तुमचं नाव मी स्वतः तपासलंय, वेलांटीसकट. चौथ्या भागाचा मजकूर सोमवारी पाठवते.”

“सोमवारी मी कामावर असेन. संध्याकाळी बघते.”

“बघा. आणि एक. चौथ्या भागात लेखकांनी आत्ताच एक घळ घातलीय. म्हणे तुम्ही सांगितलं.”

फोन ठेवून तिने नवा कागद टेबलावर पसरला, आपल्या बाजूने सुलटा. बाबांनी पेपर बाजूला ठेवला, आपल्या जागेवरून मान पुढे काढली आणि नेहमीसारखा बराच वेळ पाहिला.

“ठमे,” ते म्हणाले, “मला आता सगळे खड्डे दिसतायत. नद्या धारेवरून चालल्यात.”

“नक्की?”

“नक्की म्हणजे? मी काय आज लेव्हल घेतोय?”

“मग बरोबर आहे,” ती म्हणाली, आणि काल अर्धवट राहिलेला आपला चहा आठवून पातेलं गॅसवर ठेवलं.